मॅच गाळून

भाची सुट्टीला आली की तिची पुस्तकं घरभर पालथी पडलेली असतात. परवा दुपारी सोफ्यावरचं असंच एक उचललं, तर माल पीट या इंग्रज लेखकाचं ‘कीपर’, पोरांसाठीची फुटबॉलची कादंबरी. जेवणानंतरची झोप घालवून निम्मं वाचून काढलं. मध्येच ती पाणी प्यायला आली, मी कुठवर आलेय ते डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, मॅच आली की पानं उलटून टाक. पुढे भारी आहे."

मॅच गाळायची? फुटबॉलच्या कादंबरीतली?

"कोण जिंकणार ते माहीत असतं ना!" असं म्हणून ती गेली.

आता माझं नेमकं उलटं. मी आधी मॅच कुठे आहे ते शोधते. कडेला पेन्सिलने स्कोअर लिहीत जाते (स्वतःच्याच पुस्तकात, वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांबद्दल माझी मतं फार कडक आहेत). आणि मिनिटं मोजते. या कादंबऱ्या लिहिणारी मंडळी वेळेच्या बाबतीत भयंकर लबाड असतात. पहिला हाफ एका परिच्छेदात गुंडाळतात आणि शेवटची पाच मिनिटं पानंच्या पानं चालवतात. त्या पाच मिनिटांत हिरो पडतो, उठतो, स्टँडमध्ये उशिरा पोचलेले वडील त्याला दिसतात, जुन्या मित्राशी नजरेनेच समेट होतो, आणि वर एक कॉर्नरही मिळतो. रेफरी बिचारा शिट्टी तोंडात धरून उभा! शिवाय हाफटाइमला हिरोची टीम दोन गोलांनी मागे नसेल, तर मला उगाच चुकल्यासारखं होतं.

पण ‘कीपर’मध्ये मला भलतंच काही लागलं. गोलकीपर. वर्ल्ड कप जिंकून आलेला एल गातो रात्री पॉल फाउस्तिनो नावाच्या क्रीडा पत्रकारासमोर बसून आपली गोष्ट सांगतो, टेबलावर तो कप ठेवलेला. लहानपणी त्याला धड खेळता येत नसे, पोरं करकोचा म्हणून चिडवायची. मग जंगलात एका मोकळ्या जागी त्याला जाळीसकट गोलपोस्ट सापडतो आणि तिथे उभा असलेला एक गूढ शिक्षक. बाकीचं सांगत नाही, वाचा.

मग कपाटातली बाकीची आठवायला लागले. ब्रायन ग्लॅनव्हिलची 1971 सालची पोरांसाठीची कादंबरी, तिचं नावच मुळी ‘गोलकीपर्स आर डिफरंट’. त्यातला रॉनी ब्लेकही गोलमध्येच उभा. एडवर्ड ब्लूरच्या ‘टँजरीन’मधला पॉल फिशर हा फ्लोरिडातला जाड भिंगांचा पोरगा. ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून दृष्टी गेली असं त्याला घरच्यांनी सांगितलेलं (आमच्या आजीला हे कारण लगेच पटलं असतं), आणि तोही गोलकीपर! गोल मारणाऱ्याला सगळं मैदान डोक्यावर घेतं, आणि कादंबरी मात्र लिहितात गोल अडवणाऱ्यावर.

कारण सोपं असावं. पळणाऱ्याला विचार करायला सवड नसते. गोलकीपर नुसता उभा असतो. चेंडू पलीकडे असला की त्याच्याकडे वेळच वेळ, आई आठवायला, जंगल आठवायला. चेंडू हातात आला की तर आख्खं बालपण. प्रत्यक्षात 2025 पासून नियम असा की आठ सेकंदांपेक्षा जास्त चेंडू हातात ठेवला तर समोरच्याला कॉर्नर. हा नियम कादंबरीत लावला, तर निम्मी प्रकरणं रद्द होतील.

आमच्या लहानपणी पेठेच्या वाचनालयात फुटबॉलची गोष्ट म्हणून काही नव्हतं. आणि आम्ही कोल्हापूरचे! तिथे कुस्तीच्या तालमींचीच फुटबॉलची टीम असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी या नावांवर सोयरिकी थांबल्याच्या गोष्टी मी ऐकल्यात. मामा कुठल्या तालमीचा ते इथे लिहीत नाही. अजून तिकडे माझं माहेर आहे.

मला शाहू स्टेडियमवर नेत नसत. पोरीच्या जातीला तिथली भाषा झेपायची नाही, असं घरचं मत. मामा तीच भाषा संध्याकाळी घरी घेऊन यायचा, त्याचं काही नव्हतं. पाय धुऊन, चहा घेऊन तो सोप्यात मांडी घालायचा. मग मामीच्या डब्यातले शेंगदाणे फरशीवर मांडले जायचे. आपले सालासकट, त्यांचे सोललेले. दोन तांबे म्हणजे गोलपोस्ट, लिंबू म्हणजे बॉल.

"हां, आता बघा. ह्यो सुटला उजवीकडनं. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं..."

"आणि मग गोल?"

"आरं थांब की जरा! आधी पाऊस तर यूं दे."

पाऊस यायचा. रेफरीच्या मेव्हण्याची माहिती यायची. कुणाचा पाय कधी मोडला होता, त्याला डॉक्टर काय म्हणाले होते, सगळं यायचं. रेड कार्ड मिळालेला शेंगदाणा मामा उचलून खाऊन टाकायचा. टीम हरलेली असली की तो रेड कार्डं जरा सढळ हाताने वाटायचा आणि शेवटी फरशीवर त्यांचे चार आणि आपला एक असे उरायचे. लिंबू मामी मागून न्यायची, तिला आमटीत पिळायचं असायचं. तेव्हा मॅच संपली. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आलेल्या असायच्या, त्यात पाऊस नसायचा.

मोती नंदी हे बंगाली लेखक मी फार उशिरा वाचले, इंग्रजीतून. आनंदबाजार पत्रिकेचे ते क्रीडा संपादक. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि बंगालात त्यावर पोरांच्या पिढ्या वाढल्या. ‘स्ट्रायकर’ची सुरुवात एका स्वप्नाने होते: कोलकात्याच्या गल्लीत पोराला करारबद्ध करायला चक्क ब्राझीलच्या सांतोसचा माणूस येतो. पेलेचा क्लब! जाग आल्यावर घरात काय असतं? भूक, आणि वडिलांचं जुनं न बोललं जाणारं दुःख. मामाला हे पुस्तक वाचून दाखवायला हवं होतं. त्याने सांतोसच्या माणसाला शिवाजी पेठेत पत्ता चुकवला असता.

‘स्टॉपर’ मात्र मी सलग वाचू शकले नाही. हिरो कमल गुहा, वय उलटून गेलेला बचावपटू. गुडघे बोलायला लागलेत, पोरं हसतात, मोठ्या क्लबने कधीच बाजूला सारलंय, आणि तो अजून खेळतोय. हे पोरांच्या हातात दिलंय, बरं का. बाकीच्या पुस्तकांत हिरोला पस्तिशी येतच नाही. कप उचलला की पुढचं पान कोरं. इथे नंदींनी बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला सांगून टाकलं की खेळाडू म्हातारा होतो, आणि तो म्हातारा होताना लोक बघत असतात. पेन्सिल घेऊन स्कोअर लिहायचं त्या पुस्तकात मला सुचलंच नाही.

आमच्या गल्लीतही एक होते. मामाच्या शेंगदाण्यांतला सगळ्यात मोठा, सालासकटचा, कायम मागे उभा, त्याला कधीही रेड कार्ड नाही, तो म्हणजे ते. मी ओळखायला लागले तेव्हा त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढताना उजवा पाय लांब करून बसायचे, तो दुमडत नसे. कॉलेजात असताना मी एकदा सायकल घेऊन त्यांच्याकडे गेले आणि धीर करून विचारलं, "काका, त्या पावसातल्या मॅचचं सांगा की. शेवटच्या मिनिटाला तुम्ही लाइनवरनं बॉल काढला होता ती."

त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते शोधत राहिले.

"तुझ्या मामाला विचार," म्हणाले. "त्याला लई आठवतंय. आम्ही काय, पळत हुतो."