अँकव्ही फिरत का नव्हती? (गरवण्याची नोंद, ऑगस्ट २०२५)

गरीला आमिष म्हणून लावतो ती अँकव्ही (एक छोटा मासा) पाण्यात फिरेना, त्याचा अपराधी सापडला. पण तो कोण हे सांगायची लाज वाटतेय, म्हणून आधी जूनची रडकथा ऐका.

तारखा तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, तरी नोंदीत असाव्यात म्हणून: २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सॅमनवर पूर्ण बंदी. यंदा हौशी लोकांसाठी ७ आणि ८ जून असे दोन दिवस उघडले, उन्हाळ्याचा कोटा ७,००० मासे. त्या दोन दिवसांतच ९ हजारांच्या वर मासे निघाले आणि जुलै-ऑगस्टसाठी राखलेल्या तारखा रद्द झाल्या. धंदेवाल्या बोटींना तर सलग तिसरं वर्ष बंदी. सॅक्रामेंटो, अमेरिकन, फेदर या नद्याही सॅमनसाठी बंदच. म्हणजे तीन वर्षांत माझ्या वाट्याला दोन दिवस. आमच्या गावची जत्रासुद्धा दरवर्षी होते.

मार्चच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की तयारी पूर्ण आहे, बॉक्स फक्त उचलायचा बाकी आहे. ते वाक्य लक्षात ठेवा.

शनिवारी पहाटे सव्वातीनला पिलर पॉइंटच्या बंदराला पोचलो तर ट्रेलरची रांग पार वरच्या रस्त्यापर्यंत. माझे गरवण्याचे जोडीदार अण्णा, त्यांची अठरा फुटी बोट पाण्यात उतरेपर्यंत पावणेसहा झाले. धुकं असं की शेजारच्या बोटीवर कुणी खोकलं तर कळायचं, दिसत काही नव्हतं. पाणी १८० फूट, डाउनरिगर (वजनाने दोर खोल नेणारं यंत्र) ६० फुटांवर, पुढे फ्लॅशर (चमकणारी पट्टी) आणि त्यामागे हेल्मेटमध्ये, म्हणजे आमिषाच्या डोक्यावरच्या छोट्या टोपीत, बसवलेली अँकव्ही. साडेसहाला पहिला ठोका. काठीचं टोक दोनदा वाकलं आणि सरळ झालं. वर घेतलं तर हेल्मेटमध्ये अँकव्हीचं डोकं तेवढं शिल्लक, धड गायब. सात वाजता पुन्हा तेच, सव्वाआठला पुन्हा. शेजारची बोट आमच्याच खोलीवर, आमच्याच वेगाने चालली होती. ते दोघं चार मासे टाकून नऊ वाजता घरी गेले.

डोकं राहतं आणि धड जातं याचा अर्थ इथे कुणाला सांगायला नको. मासा मागून येतोय, पण आमिष फिरत नाहीये. जखमी अँकव्ही लंगडत गिरक्या घेते. ती गिरकी दिसली नाही तर सॅमन तोंड भरून घेत नाही, नुसतं शेपूट चाखून निघून जातो. त्यात आपल्या गरीला उलटा काटा नसतो, नियमच तसा आहे, त्यामुळे अर्धवट लागलेला मासा टिकत नाही. पण गंमत अशी की बोटीच्या कडेला सोडून बघितली तर फिरकी झकास दिसायची. खाली गेली की बंद. लीडर, म्हणजे गरीकडचा शेवटचा दोर, प्रत्येक वेळी वेणीसारखा पीळ पडून वर यायचा. मी फ्लॅशरला शिव्या घातल्या आणि फ्लॅशर बदलला. अण्णा सुकाणूवरून म्हणाले, "तुका घाई आसा, माशाक नाय."

रविवारी अकराच्या सुमाराला अण्णांच्या काठीवर एक आला. सत्तावीस इंच. जाळ्यात येईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. त्यांच्या काठीवर दुकानातून आणलेला तयार लीडर होता, माझ्या काठीवर माझा घरी बांधलेला. पुरावा समोर होता, तरी मी श्रेय भरतीला देऊन मोकळा झालो.

माशाच्या पाठीवर शेपटीकडचा छोटा मांसल पर कापलेला होता, म्हणजे हॅचरीचा (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला). धक्क्यावर नोंद करणाऱ्या मुलीने नाकातल्या ओळखीच्या बारीक तारेसाठी डोकं मागून घेतलं. अण्णांचा चेहरा उतरला, कारण डोक्याचं कालवण त्यांनी मनात रांधून ठेवलं होतं. (घरी तिरफळं घालून आमटी केली. "बरो आसा, पण ह्यो रावस न्हय." इथल्या आपल्या मंडळींनी सॅमनला रावस म्हणायची सवय सोडावी असं माझंही मत आहे. त्या दोघांचं दूरदूरचं नातं नाही.)

पोटात सात अँकव्ही निघाल्या. मला जुनी गोष्ट आठवली. २०२० च्या सुमाराला इथल्या हॅचऱ्यांमध्ये पिल्लं कॉर्कस्क्रूसारखी गिरक्या घेत मरू लागली होती. कारण निघालं ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता. समुद्रात इतर खाद्य कमी होऊन माद्या जवळजवळ अँकव्हीवरच जगत होत्या, आणि अँकव्हीत ते जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं. मग अंडी ब-१ च्या पाण्यात बुडवून काढायला लागले. पिल्लं नको तेव्हा फिरत होती आणि माझी अँकव्ही हवी तेव्हा फिरेना.

आता मूळ दुखणं. जून संपला तेव्हा मला खात्री होती की आमिष मऊ पडतंय. गोठवलेल्या ट्रेमधली अँकव्ही वितळली की पोट फुटतं, पोट फुटलं की पाणी आत शिरतं आणि फिरकी जाते. म्हणून जुलैभर खारवण्याचे प्रयोग. पहिल्या खेपेला घरातलं साधं आयोडीनचं मीठ वापरलं. अँकव्ही वाळक्या काडीसारख्या झाल्या, हेल्मेट अडकवायची टूथपिक घालताना दोन मोडल्या. दुसऱ्या खेपेला जाडं मीठ घेतलं, पण मासे आधी वितळवून मग पाण्यात घातले. पोटं सुटली ती सुटलीच. तिसऱ्या खेपेला एक गॅलन पाणी, चार कप जाडं मीठ, एक कप दूध पावडर आणि कपड्यांची नीळ. मासे गोठलेलेच त्यात सोडले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी काय रूप आलं होतं! खवला न् खवला जागेवर, पाठ निळी चकचकीत, दाबलं तर बोट मागे यावं असा घट्टपणा. माझी आजी बांगडे खारवायची तेव्हा बरणीत डोकावून "आता धरलान हां मीठ" म्हणायची, त्याची आठवण झाली. ही कृती लिहून ठेवा, हिच्यात मी आता बदल करणार नाही. बाटलीबंद तयार ब्राइन (खारवायचं पाणी) मिळतं, त्याचे दहा-बारा डॉलर कशासाठी घेतात ते मला अजून कळलेलं नाही.

चाचणी फ्रीमॉन्टला अण्णांच्या मागच्या अंगणातल्या पूलमध्ये केली. मी काठी धरून काठाने भराभर चालायचं आणि अण्णांच्या नातवाने गिरक्या मोजायच्या. पहिल्या फेरीला पोराने मोजून थकून सोडून दिलं, इतकी छान फिरत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर फिरकी मंदावली. तिसऱ्या फेरीला अँकव्ही मेल्यासारखी सरळ. (मेलेलीच होती, पण समजून घ्या.) आमिष बदललं, पहिली अर्धी फेरी झकास, मग तेच. तोवर सूनबाई बाहेर आल्या आणि पूलमधला वास या विषयावर अण्णांशी बोलल्या. अण्णा खाली मान घालून ऐकत होते आणि हातात माझा लीडर घेऊन चाळा करत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी लीडर माझ्यासमोर धरला. "भोवरकडी फिरता खंय तुझी?"

बीड-चेन स्विवल, म्हणजे दोराचा पीळ सोडवणारी मण्यांची कडी. अण्णांनी गुरांच्या दाव्याची भोवरकडी लहानपणापासून हाताळलेली, त्यामुळे बोटांना लगेच कळलं. मणी एकमेकांना चिकटून गंजाने घट्ट झाले होते. २०२२ च्या शेवटच्या फेरीनंतर मी बॉक्स खारट पाण्यासकट बंद केला होता. दोन वर्षं बंदी, मग उघडणार कोण? मार्चमध्ये मी वरचा ट्रे बघून "तयारी पूर्ण" असं लिहिलं. स्विवल खालच्या कप्प्यात होते. अँकव्ही सुरुवातीला फिरायची, पीळ लीडरमध्ये साठत जायचा, भरला की थांबायची. बोटीच्या कडेला दोन मिनिटं बघून मी खूश व्हायचो. सव्वा डॉलरचा तुकडा. नवा लावला आणि त्याच पूलमध्ये, त्याच खारवलेल्या अँकव्हीने आठ फेऱ्या न थांबता काढल्या. त्यानंतर आम्हाला पूलवर येण्याची बंदी झाली. तीही बेमुदत.

माझ्या हलगर्जीपणाचं खापर मी बंदीवर फोडणार नाही. बंदी हवीच होती, हे मी २०२३ पासून म्हणतोय आणि त्यावरून काही जणांनी माझ्याशी बोलणं कमी केलंय. सॅमन साधारण तीन वर्षांनी नदीत परततो. २०२० ते २०२२ च्या दुष्काळात सॅक्रामेंटो नदीवरच्या शास्ता धरणामागचं गार पाणी संपलं, आणि नदीचं पाणी ५६ फॅरनहाइटच्या वर, म्हणजे तेरा अंशांच्या वर गेलं की अंडी मरायला लागतात. २०२३, २४, २५ च्या आकड्यांत आपण तेच दिवस बघतोय. माझा राग इतकाच की मासे कमी झाले की काठी गुंडाळून ठेवायला दरवेळी पहिल्यांदा आपल्यालाच सांगतात. कालव्यातून पाणी उचलणाऱ्यांना दोन दिवसांचा सीझन देऊन बघा एकदा. २००८ आणि २००९ लाही सीझन बंद होता, तेव्हाही हेच बोलणं झालं होतं असं अण्णा सांगतात. दुसरीकडे क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये काढली आणि काही दिवसांतच सॅमन त्यातल्या आयर्न गेट धरणाच्या जागेच्या वर चढले. म्हणजे माशाला रस्ता आठवतो.

आणि वर्षाला दोन दिवस मिळाले तर हात बसणार कसा? पोरांना शिकवणार कधी? आमच्या नेहमीच्या आमिषाच्या दुकानात आता अर्ध्या फळीवर सँडविच आणि सर्फबोर्डचं मेण आहे.

४ सप्टेंबरपासून चार दिवस पुन्हा उघडतंय, कोटा ७,५००. बेत असा होता की तेच ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं), नवे स्विवल, खारवलेली अँकव्ही. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, सप्टेंबरमध्ये मासे गोल्डन गेटकडे वळलेले असतात, पॅसिफिकासमोर तीस-चाळीस फूट पाण्यात. तिथे डाउनरिगर कशाला ओढत बसायचं? मूचिंग करू. बोट बंद करून वाऱ्याबरोबर वाहायचं, शिसं दोन औंस, अँकव्ही अर्धी तिरकी कापून. फिरकीचा प्रश्नच निम्मा मिटतो. फक्त मूचिंगला सर्कल गरी (टोक आत वळलेली गोल गरी) सक्तीची आहे, आणि सर्कलला झटका द्यायचा नसतो, मासा स्वतः वळेपर्यंत हात आवरायचा. अण्णांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मगे माका कित्याक व्हरतस?" साठ वर्षं झटका देऊन गरवलेला माणूस. त्यांच्या हाताला दोरी बांधावी लागेल.

तर दोन काठ्या ट्रोलिंगच्या घेतोच, पण सुरुवात मूचिंगने. बॉक्स काल रिकामा केला: अकरा स्विवल गंजलेले, गऱ्या चौदा टाकल्या, पक्कड तेल लावूनही उघडत नाही. तीन ट्रे अँकव्ही फ्रीजरमध्ये आहेत, मटारच्या पिशवीखाली, घरात अजून कुणाला पत्ता नाही.

४ तारखेला बोटीत एक जागा रिकामी आहे. रॅम्पवर पहाटे अडीचला. येणाऱ्याने स्वतःचे सर्कल आणावेत, बार्बलेस (उलटा काटा नसलेले), आणि आणण्याआधी बोटाने तपासावेत.