तुम्ही विचारलंत म्हणून : स्पीकरला स्टँड कुठला?

"बुकशेल्फ स्पीकर घेतलेत, आता स्टँड कुठले घेऊ?" असं (बुकशेल्फ म्हणजे जमिनीवर न ठेवायचे छोटे, पेटीसारखे स्पीकर) विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, "ऐकायला बसता कुठे? सोफ्यावर की गादीवर?" समोरच्याला वाटतं, ही विषय टाळतेय.

पण स्टँडचं पहिलं काम उंचीचंच आहे. तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझण), झांजेची किणकिण, गायकाच्या शब्दांतला 'स' हे सगळं ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला छोटा पडदा, वाजवतो, आणि हे वरचे सूर खालच्या सुरांसारखे खोलीभर पसरत नाहीत. ट्वीटर जिकडे बघतो तिकडेच जास्त जातात. शिवाय वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) आणि ट्वीटर दोघंही वाजतात असा मधल्या सुरांचा एक पट्टा असतो. कान फार वर किंवा फार खाली गेला, की त्या पट्ट्यात दोघांचे आवाज एकमेकांना खातात. पटत नसेल तर तंबोरा लावा, आधी बसून ऐका, मग स्पीकरच्या जवळ जाऊन उभे राहा. जवारी झाकोळते.

म्हणून आधी टेप काढा. सोफ्यावर टेकून बसल्यावर कान जमिनीपासून किती उंच, ते घरातल्या कुणाकडून मोजून घ्या. समजा 95 सेंटिमीटर आले. स्पीकरच्या बुडापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंत 25. वजा करा : स्टँड 70 चा, म्हणजे बाजारातला 28 इंची. 24 इंची आधीच घेऊन ठेवला असेल तर स्पीकरच्या पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सारून तो किंचित वर बघेल असा करा, काम भागतं. आमच्यासारखे गादी-तक्क्यावर बसून ऐकणारे असतील तर कान 75 च्या आसपास येतो आणि स्टँड 50 चा लागतो. तयार माल सोफ्याच्या हिशेबानं बनतो, त्यामुळे हे माप सहसा मिळत नाही.

अशा वेळी सरळ फॅब्रिकेटर गाठावा. खरं तर सोफावाल्यांनीही गाठावा, असं माझं मत. ग्रिल-गेट करणाऱ्याला यात अवघड काही नाही. 75 मिलिमीटरचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप, खाली 30 बाय 30 सेंटिमीटरची 8 मिलिमीटर जाड प्लेट, वर स्पीकरच्या बुडापेक्षा बोटभर लहान प्लेट, आणि पावडर कोटिंग. नुसती खालची प्लेटच साडेपाच किलोच्या पुढे जाते, म्हणजे बूड जड आणि स्टँड डुगडुगत नाही. वरच्या प्लेटवर मात्र वेल्डिंग झाल्यावर लेव्हल लावून बघाच. वेल्डिंगच्या तापानं ती हमखास थोडी वाकते.

पोकळ पाइपवर टिचकी मारली तर घंटेसारखा वाजतो. त्यात वाळू भरली की गप्प होतो. 60 सेंटिमीटरच्या पाइपात पाचेक किलो मावते. वाळू चाळून, कडक उन्हात वाळवून भरा, आणि समुद्राची तर अजिबात नको. तिच्यातलं मीठ पाइप आतून खाईल. पावसाळ्यात हे काम काढू नये. स्पीकर आणि प्लेट यांच्यामध्ये पोस्टर चिकटवायच्या पुट्टीच्या चार गोळ्या पुरतात. खालचे टोकदार स्पाइक गालिच्यासाठी असतात. आपल्या गुळगुळीत लादीवर ते ओरखडे काढतात आणि ओल्या पोछ्यानंतर घसरतातही, तिथे रबरी पाय लावा. हजारो रुपयांच्या स्पाइकमुळे सूर उजळतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. विकतही घेत नाही.

मग जागा. स्टँडचा खरा फायदा हा, की स्पीकर भिंतीपासून सुटतो. भिंतीला, त्यातून कोपऱ्यात, चिकटवला की डग्गा घुमायला लागतो आणि तबलजीची मींड (घसरत जाणारा सूर) कळतच नाही. तबला लावून स्टँड हळूहळू पुढे सरकवत राहा. डग्ग्याचा सूर ओळखू आला की थांबा. घरात रांगणारं मूल असेल तर वायर पाइपाच्या मागून उतरवून टेपनं घट्ट बांधा, लोंबती ठेवू नका.

हॉलच दहा बाय बाराचा आणि स्टँडला जागाच नाही, असंही असतं. मग टीव्ही युनिटवर ठेवा, पण स्पीकरचं तोंड युनिटच्या अगदी पुढच्या कडेला आणा. मागे सारलात तर समोरच्या सनमायक्यावरून आपटून येणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो. आणि दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेत फुलदाणी नको.