रोज पाणी, तरी झाड वाळतंय

मार्चमध्ये बाणेरच्या एका सोसायटीतून बोलावणं आलं. गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपं 'मेली' म्हणून उपटायची होती. खोडांवर लाल रंगाच्या खुणाही झाल्या होत्या. माळीमामा वैतागलेले. "साहेब, एक दिवस खाडा नाही, रोज पाणी घालतो."

आधी नखानं साल खरवडली. ताम्हणात आत हिरवंगार! ताम्हण, बहावा या दिवसांत पानं गाळतातच. नुसत्या काड्या बघून निकाल द्यायचा नसतो. साल खाली बुंध्यापर्यंत तपकिरी, कोरडी लागली तरच आशा सोडावी.

मामांचं पाणी मात्र वरवरचं होतं. आळ्यात सळई दाबली, ती दोन इंचांवर अडली. खुरप्यानं उकरलं तर खाली मुरूम कोरडा ठाक. रोजचं तांब्याभर पाणी वरच उडून जातं आणि मुळंही वरच घुटमळतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण झाडामागे पंधरा-वीस लिटर, बारीक धारेनं सोडावं. आळं तीनेक फूट रुंद, खोडाजवळची माती जरा उंच. वर तीन इंच पालापाचोळा, खोडापासून चार बोटं लांब. चिकटला तर साल कुजते. (इथे तोच पाला रोज झाडून पोत्यांतून बाहेर जात होता.)

एका बहाव्याचं दुखणं निराळं होतं. नायलॉनची दोरी सालीत रुतलेली, तिच्या वर खोड फुगलेलं आणि खाली बारीक. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. दोरीनं ती वाटच आवळली होती. दोरी कापली, सहज निघाली तेवढीच काढली. सालीत गेलेला भाग उकरू नये, जखम वाढते. आधाराला दोन बांबू, खोडापासून फूटभर लांब रोवले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी सैल बांधली. खोड वाऱ्यानं थोडं हललं पाहिजे, त्यानंच ते जाड होतं. वर्षभरात आधार काढायचा.

करंज मात्र खरोखरच गेले होते. एक उपटला, तर काळी पिशवी तळाशी तशीच, आणि मुळं आतल्या आत गोल फिरलेली. लावताना पिशवी फाडून बाहेरची गुंडाळलेली मुळं कात्रीनं छाटली असती, तर ती मुरमात शिरली असती.

त्या जागी लगेच नवी रोपं लावायचा समितीचा आग्रह होता. मी नको म्हटलं. दोन बाय दोन फुटांचे खड्डे आत्ताच घेऊन उन्हात तापू द्या, रोपं पाऊस नीट लागल्यावर.