तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे रिव्हेट कशासाठी?

घरी आलेला पाहुणा काचेच्या कपाटापाशी थांबतो, वाकून बघतो आणि विचारतो, "हे ठिपके हातानं केलेत? सगळे? हातभर लांबून तर दिसतही नाहीत!" गेल्या महिन्यात तुम्हीही हेच विचारलंत. ते ठिपके म्हणजे रिव्हेटची, म्हणजे लोखंडी पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या खिळ्यांची, डोकी. तेव्हा घाईत होतो, म्हणून आता नीट सांगतो.

कपाटातलं ते वीतभर इंजिन म्हणजे 'खेकडा'. खऱ्या रेल्वे इंजिनाची 1:87 प्रमाणातली, तयार किट न घेता, पितळी पत्र्यातून केलेली प्रतिकृती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं 1928 च्या सुमारास घाटातल्या मालगाड्यांसाठी ही विजेची इंजिनं आणली. एकूण 41. पहिली 10 स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला बनली, बाकीची 31 इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. दोन्ही बाजूंना लांब नाकं, मध्ये केबिन, चाकं एकमेकांना जोडणारे दांडे. माझे आजोबा कल्याणच्या शेडमध्ये फिटर होते आणि त्यांच्याकडून मी ह्या इंजिनाला खेकडा सोडून दुसरं नाव कधी ऐकलं नाही.

रिव्हेट म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. लालबुंद तापवलेला रिव्हेट भोकात घालायचा, एका बाजूनं दाबून धरायचा, दुसरीकडून ठोकून डोकं बनवायचं. थंड होताना तो आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. आजोबा हातोडीनं टकटक करून पाहायचे. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो, ढिला बद्द.

म्हणून रिव्हेटची ओळ मला नक्षी वाटत नाही. जिथे ओळ, तिथे आत काहीतरी आहे: अँगल (काटकोनात वळलेली पट्टी), आडवी पट्टी, दोन पत्र्यांचा सांधा. जिथे भार जास्त तिथे ओळी दोन होतात. बाहेरून रिव्हेट वाचता आले की आतला सांगाडा दिसतो. तेच काढून टाकलं की उरते साबणाची वडी, रंग कितीही हुबेहूब द्या.

आता मापाचं. 20 मिलिमीटर जाडीच्या रिव्हेटचं गोल डोकं साधारण 32 मिलिमीटर रुंद असतं. 87 नं भागा: 0.37 मिलिमीटर. सुरुवातीला मी सुईच्या टोकानं फेविकॉलचे थेंब ठेवत असे. ते मिलिमीटरभर पसरायचे. म्हणजे खऱ्या इंजिनावर 87 मिलिमीटरचं डोकं, छोट्या वाटीएवढं! ते सगळे थेंब मी खरवडून काढले.

मार्ग सापडला पुण्याच्या तांबट आळीत. कसबा पेठेतल्या त्या गल्लीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोके पाडायचं काम, चालतं. एकसारखे, चकचकणारे ठोके, तेही केवळ नजरेच्या अंदाजानं. तिथल्या एका वयस्क कारागिरानं माझा पत्रा बोटांनी वाकवून पाहिला आणि म्हणाला, "हा कडक आहे. आधी भाजा." पितळ लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं. आणि खाली काय ठेवता ह्यावर निम्मं काम आहे. आधार फार मऊ असला तर ठिपक्याभोवती पत्रा खोलगट होतो, फार कडक असला तर सुई आरपार जाते. मी शिसवी लाकडाचा आडवा कापलेला तुकडा वापरतो.

ठोकायचं मागच्या बाजूनं, म्हणजे पुढे ठिपका उठतो. शिवणाच्या सुईचं टोक घासून गोल केलेलं, वरून ठरावीक उंचीवरून पडणारं लहानसं वजन, म्हणजे प्रत्येक ठोका सारखा. अंतरासाठी 5 मिलिमीटरचा साधा बोल्ट: त्याच्या एका फेऱ्यात पत्रा 0.8 मिलिमीटर सरकतो, म्हणजे खऱ्या मापात सुमारे 70. एक फेरा, एक ठोका. पत्रा आधी ठोकायचा आणि मगच मापात कापायचा, कारण ठोकताना तो वळतो, ताणला जातो. पितळ नको असेल तर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा किंवा जाड कागद आणि संपलेलं बॉलपेनही चालतं. परदेशात राळेचे तयार रिव्हेट पाण्यानं उतरवायच्या पट्टीवर मिळतात. वाकड्या पृष्ठभागावर तेच बरे.

एक गोष्ट मात्र मी अजिबात करत नाही. अंदाजानं रिव्हेट मारत नाही. ओळ चुकीच्या जागी पडली तर आत नसलेला सांगाडा तिथे आहे असं प्रतिकृती सांगू लागते, आणि ज्यांनी ते इंजिन हातानं सांभाळलं त्यांच्याबाबतीत हे मला खपत नाही. त्यापेक्षा कोरा पत्रा बरा.

तुम्ही पाहिलंत तेव्हा एका नाकाची वरची बाजू गुळगुळीत होती, आठवतं? ती विसरलेली नाही. वरून काढलेला स्पष्ट फोटो अजून हाती आलेला नाही. पत्रा भाजून, मऊ करून, फडक्यात गुंडाळून खणात ठेवला आहे.