वहीत किलोमीटर होते, तारखाही होत्या

इंजिन तापलं की आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो. ही तक्रार घेऊन एक निवृत्त काका आले. गाडी ११ वर्षांची, चाललेली फक्त ३८,००० किमी. आधीच्या गॅरेजमध्ये ऑइलच्या दाबावरून हा दिवा लावणारा प्रेशर स्विच बदलून झाला होता. दिवा तसाच.

डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मधोमध. पातळी बरोबर असून दिवा लागतो, तेव्हा अंदाज बांधत बसू नये. स्विच काढून त्याच जागी दाब मोजणारा मेकॅनिकल गेज लावला. थंड इंजिनला ऑइलचा दाब ३ बार. रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत तापवल्यावर आयडलिंगला ०.४, २,००० आरपीएमला जेमतेम १.१. दर हजार आरपीएममागे ०.७ बार हा आमचा ढोबळ हिशेब, म्हणजे दिवा खरं बोलत होता. ऑइलचं झाकण उघडून बॅटरी मारली, तर आत डांबरासारखा थर.

मग काकांनी वही काढली. गाडी रोखीने घेतलेली, ‘गाडी’ लिहिलेल्या पाकिटात दरमहा ठरलेली रक्कम, पेट्रोलची प्रत्येक नोंद तारीख-किलोमीटरसह. कुठल्याही स्कॅनरपेक्षा ही वही कामाची! ऑइल बदललं ते १०,०००, २०,००० आणि ३०,००० ला. शेवटचं सव्वादोन वर्षांपूर्वी.

“काका, पुस्तिकेत दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं आहे.”

“अहो, पण गाडी चालते कुठे एवढी?”

रोज दोन किमी जायचं, दोन यायचं. तेवढ्यात पाणी तापतं, ऑइल नाही. रिंगांच्या फटीतून खाली उतरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला ऑइल नीट तापावं लागतं. नाहीतर ते इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्येच साचतं, आम्ल तयार होतं, ऑइलमध्ये मिसळलेली संरक्षक रसायनं, म्हणजे ॲडिटिव्ह, संपतात आणि चिखल धरतो.

इंजिन आतून धुणारं फ्लश टाकून मोकळं व्हा, असं काकांना कुणीतरी सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. एवढा थर एकदम सुटला की ढेकळं थेट ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीवर बसतात आणि बेअरिंग कोरडी पडतात. चेंबर खाली उतरवला. जाळी दोन तृतीयांश बुजलेली. चेंबर, जाळी धुतली, स्ट्रेनरची ओ-रिंग नवी घातली. ही रिंग कडक झाली की पंप हवा ओढतो. सीलंटची रेघ बारीकच ओढली. जाड ओढली तर आत सुटलेला तुकडा पुन्हा त्याच जाळीत जातो.

नवा फिल्टर, रबराला ऑइलचं बोट. रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना नाही. ड्रेन बोल्टला नवा वॉशर. ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल, साडेतीन लिटर. इंजिन पेटू नये म्हणून फ्युएल पंपचा फ्यूज काढून गेज हलेपर्यंत सेल्फ मारला, मग इंजिन सुरू केलं. गरम आयडलिंगला १.२ बार. बेअरिंगचा आवाज नव्हता, हे नशीब.

हे ऑइल १,००० किमी किंवा तीन महिन्यांनी काढायचं, उरलेला थर हळूहळू त्यातच उतरेल. काकांनी पाकिटातल्या नोटा दोनदा मोजून दिल्या, वहीत नवी ओळ लिहिली आणि या वेळी किलोमीटरच्या आधी पुढची तारीख घातली.