उंचीला घाबरणाऱ्यांनी हरिहर कसा करावा

नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या पायऱ्यांचा फोटो पाहून "हे आपल्याच्यानं व्हायचं नाही" म्हणणाऱ्यांपैकी मी एक. गच्चीच्या कठड्याला टेकायलाही मला नको वाटतं. तरी जानेवारीत जाऊन आलो. फोटो खोटा नाही, वाट जवळजवळ उभीच आहे. पण प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हातासाठी खोबण्या कोरल्या आहेत, त्या फोटोत नीट कळत नाहीत. बोटं आत जाऊन पक्की बसतात. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतला तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज म्हणे या पायऱ्या बघून थक्क झाला होता.

आम्ही निरगुडपाड्याहून चढलो. गाव त्र्यंबकेश्वर–खोडाळा रस्त्यावर आहे. तिथून पायऱ्यांच्या तळापर्यंत सावकाश चालत दीड-दोन तास लागतात. हर्षेवाडीची वाट कमी चढाची. दम राखून ठेवायचा असेल तर तीच धरा.

गावातल्या एका दादांना सोबत घेतलं होतं. "खाली बघू नका" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "बघा की, पण थांबून बघा. चालता चालता नको." अर्ध्यावर माझे तळहात घामेजले, गुडघा थरथरायला लागला आणि मी खोबण धरून तसाच उभा राहिलो. मागं कुणी नव्हतं, म्हणून राहता आलं. आडवार निवडायचा तो एवढ्यासाठीच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या एकेरी वाटेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात, आणि मागून "चला, चला" सुरू होतं. घाबरलेल्या माणसाला तेवढी घाई पुरते. गर्दीमुळं वनखातं निर्बंधही घालतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

पायऱ्या संपून दरवाजा लागला की सुटलो असं वाटतं, पण पुढं कातळ कोरून काढलेली आडवी वाट आहे. एका बाजूला दरी, डोक्यावर खडक, आणि वाकून चालायचं. मला पायऱ्यांपेक्षा हीच जागा जड गेली, कारण इथं हाताला खोबणी नाहीत. सॅक छोटी ठेवा, मोठी वर घासते आणि तोल जातो. त्यानंतर पुन्हा पायऱ्या, पण तोवर हातापायांना सवय झालेली असते.

माथ्यावर तळं, मारुती आणि महादेव, थोडं पुढं दगडी कोठार. ब्रह्मगिरी, बसगड, उतवड सगळे दिसतात. सर्वोच्च टेकाडावर जायला थोडं कातळारोहण आहे. तिथं मी गेलो नाही, सोबतचे जाऊन आले. मी सावलीत संत्री खाल्ली.

मला खरी धास्ती उतरायची होती. उतरताना तोंड कातळाकडं, पाठ दरीकडं, शिडीवरून उतरतो तसं. पाय खाली चाचपायचा, टेकला की मगच हात सोडायचा. समोर फक्त दगड दिसतो, त्यामुळं मला तरी चढण्यापेक्षा उतरणं सोपं गेलं. मोबाईल आणि कॅमेरा सॅकेत, गळ्यात काही लोंबतं नको. दगड ओला असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं बेत पुढं ढकलावा.

माकडं धीट आहेत, खाण्याची पिशवी हातात दिसली की ओढतात. पाणी खालूनच भरून घ्या. जेवण हवं असेल तर चढायच्या आधी गावात सांगून ठेवा.