बॅटरी बदलायच्या आधी जरा मीटर लावा की!

गाडी सेल्फ उचलत नाही, नुसती टकटक करते, की बरेच जण सरळ नवी बॅटरी आणून मोकळे होतात आणि थोड्या दिवसांनी परत तेच रडगाणं. मग स्टार्टर (सेल्फची मोटर) खोल, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) खोल... अहो आधी मोजा तरी! साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

नॉब २० व्होल्ट डीसीवर, मीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला. गाडी काही तास बंद असेल आणि १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ म्हणजे जवळपास रिकामी. नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा उगाच फुगलेला दिसतो, तेव्हा एक-दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, जरा थांबा आणि मग मोजा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ दिसलं की चार्जिंग होतंय (हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटरच हे खालीवर करतो, त्यामुळे एकाच रीडिंगवरून अल्टरनेटरला फासावर देऊ नका).

पण १२.६ दिसलं म्हणजे बॅटरी ठणठणीत असं काही नाही हं. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हा मीटर बघा, ९.६ च्या खाली गेलं तर चार्ज करून परत बघा, तरी तेच असेल तर बॅटरीवर संशय घ्या. आणि बॅटरी १०-११ वर टिकून आहे तरी स्टार्टर मरगळलेला, तर बहुतेक वेळा वायर, टर्मिनल नाहीतर अर्थिंगचा घोळ असतो, किंवा स्टार्टरच गेलेला.

इथे लोक हमखास ओहमवर (रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर) जातात, बीप वाजली की वायर ओके म्हणतात. आतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली तरी बीप वाजते हो! स्टार्टर १५० अँपिअर खेचत असेल तर ०.०१ ओहमवरसुद्धा दीड व्होल्ट जातो, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट, मग दिसणार काय डोंबल? म्हणून व्होल्टवरच ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटीवर (तिला आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच), दुसरा इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ मारायला लावा. ०.२-०.३ पर्यंत ठीक, व्होल्टभर आला तर अर्थिंगची पट्टी काढा, घासा, घट्ट करा. खुंटी ते क्लॅम्प असंही मोजून बघा, तिथेच पांढरी बुरशी दडलेली असते.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर प्रकरण वेगळं. गाडी लॉक करून झोपली की साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत करंट हवा, पण झोपायला काही गाड्या अर्धा तास घेतात. मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात प्रोब घालून सिरीजमध्ये (म्हणजे बॅटरीची मायनस वायर काढून मधे मीटर जोडून) मोजता येतं, फक्त मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मला त्यापेक्षा काहीच न काढता गाडीच्या फ्यूजवरच मोजणं आवडतं, ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात ना, तिथे मिलिव्होल्टवर प्रोब टेकवत जायचं. शून्य म्हणजे करंट नाही, काहीतरी दिसलं तर ती लाइन जागी आहे. बॉनेट किंवा दार उघडं लागत असेल तर लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने आधीच बंद करून ठेवा, नाहीतर गाडी झोपतच नाही आणि तुम्ही आतल्या दिव्याचाच करंट शोधत बसाल.